तोंडी हुकूम

सुरतेच्या उधना, लिंबायत आणि पांडेसरा या भागांत ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने येऊन उतरलेल्या आणि कापडाच्या मागांवर पोट भरणाऱ्या खानदेशी कुटुंबांची वस्ती गेल्या काही दशकांत इतकी दाट झाली आहे की, तेथील गल्लीत संध्याकाळी उभे राहिल्यास गुजरातीपेक्षा अहिराणीच अधिक कानी पडावी. या कुटुंबांतील मुलांसाठी चालणाऱ्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी भाषाशिक्षक होतो; आणि ग्रंथपालाचे पद मंजूर नसल्यामुळे ग्रंथालय म्हणून ओळखली जाणारी दोन लोखंडी कपाटे, त्यांच्या किल्ल्या व दाखल नोंदवही यांचा जिम्मा कोणी विधिपूर्वक न सोपविताच माझ्याकडे चालत आला होता.

२०१५ साली, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५व्या जयंतीच्या वर्षी, गुजरात सरकारने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी लाखोंच्या संख्येने छापवून घेतलेले त्यांचे एक चरित्र मागे घेतल्याची बातमी वर्तमानपत्रांत झळकली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर बाबासाहेबांनी आपल्या लक्षावधी अनुयायांकडून ज्या २२ प्रतिज्ञा वदवून घेतल्या, त्या या पुस्तकाच्या अखेरीस छापलेल्या होत्या. आणि त्यांत हिंदू देवदेवतांची उपासना न करण्याचा निश्चय स्पष्ट शब्दांत असल्यामुळे तो मजकूर शाळकरी मुलांच्या हाती जाणे सरकारला प्रशस्त वाटले नाही. गंमत अशी की, हे पुस्तक आमच्या शाळेपर्यंत पोचलेच नव्हते. त्याची धास्ती तेवढी पोचली.

आमचे मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ. मुलांची फी थकली तर स्वतःच्या खिशातून भरणारे, परंतु संस्थेच्या विश्वस्तांचा दूरध्वनी आला की उभे राहून बोलणारे. एके दिवशी मधल्या सुट्टीत ते ग्रंथालयात आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सर, आपल्याकडे त्या प्रतिज्ञांचं काही असेल तर तेवढं काढून ठेवा."

"हुकूम कोणाचा?" मी विचारले.

"वरून आहे."

"लेखी आहे का?"

"अहो, असल्या गोष्टी लेखी येतात होय?"

नागपूरहून कोणा पालकाने आणून दिलेली आंबेडकर-चरित्राची एक पातळ पुस्तिका आमच्या कपाटात होती व तिच्या परिशिष्टात प्रतिज्ञा होत्या, हे त्यांना कोणीतरी सांगितले असावे. शेजारीच धनंजय कीर यांनी लिहिलेले बाबासाहेबांचे जाडजूड चरित्र उभे होते. त्यात नागपूरच्या दीक्षाविधीचा वृत्तांत सविस्तर आहे. पण त्याचा आकारच असा की संशयाने ते उघडून पाहण्याचे श्रम कोणी घेतले नाहीत. पुस्तक निर्धास्त राहावयाचे असेल तर ते असेच जाडजूड असावे, असे मला त्या दिवसापासून वाटू लागले आहे.

बंदीचा मी कैवारी नाही. परंतु सरकार जेव्हा राजपत्रात अधिसूचना काढून एखादे पुस्तक जप्त करते, तेव्हा निदान भांडावयास एक कागद तरी मिळतो. सुरत मुंबई इलाख्यात असताना, १९१० साली, गांधींच्या गुजराती 'हिंद स्वराज'वर मुंबई सरकारने असाच रीतसर घाला घातला. पुढे १९१९ साली गांधींनी मुंबईच्या रस्त्यावर ते पुस्तक कायदेभंग म्हणून उघडपणे विकले, तेव्हा सरकारने अशी भूमिका घेतली की ही नवी आवृत्ती असल्यामुळे जप्त झालेले पुस्तक हे नव्हेच. आणि तुरुंगात जावयास सिद्ध झालेल्या मंडळींचा विरस झाला. १९ ऑगस्ट २००९ रोजी गुजरात सरकारने जसवंत सिंह यांच्या जिनांवरील ग्रंथावर बंदी घातली. पुरेशी कारणे न देता काढलेली ती अधिसूचना गुजरात उच्च न्यायालयाने ४ सप्टेंबर रोजी रद्द केली. महाराष्ट्र सरकारने तर १९८७ साली स्वतःच प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या 'रिडल्स इन हिंदुइझम' या ग्रंथावरून मोठे वादळ उठल्यावर, त्यातील राम आणि कृष्ण यांविषयीचे वादग्रस्त प्रकरण न वगळता, त्यातील मतांशी सरकार सहमत नाही अशी तळटीप घालून मार्ग काढला. तळटीप ही भित्री गोष्ट असेल. तरीही ती छापलेली असते, तिच्यावर टीका करता येते. "वरून आहे" या दोन शब्दांविरुद्ध मात्र कोणत्या न्यायालयात दाद मागावी?

त्याच आठवड्यात आठवीतील एक मुलगी वक्तृत्व स्पर्धेसाठी ती पुस्तिका मागू लागली. ती लिंबायतेत राहणारी, वडील साच्यावर रात्रपाळी करणारे. मी काही बोलण्यापूर्वीच ती म्हणाली, "सर, त्या प्रतिज्ञा मला पाठ आहेत, आमच्या घरी भिंतीवर आहेत, मला बाकीचं पुस्तक पाहिजे." म्हणजे ज्या मजकुरापासून तिचे रक्षण करावयाचे, तो तिने शाळेत नाव घालण्यापूर्वीच ऐकलेला होता, आणि शाळा तिला नाकारणार होती ती तिला ठाऊक नसलेली पाने.

पुस्तिका मी तिला दिली. चार दिवसांनी तिने परतही केली. तोवर मुख्याध्यापकांनी तोडगा शोधला होता: पुस्तिका जीर्ण झाली असे दाखवून तिचे निर्लेखन करावे व जडसंग्रह नोंदवहीत तसा शेरा मारावा. पुस्तिकेची शिवणही उसवलेली नव्हती. अशा शेऱ्याखाली सही करण्यास मी नकार दिला, तेव्हा ते क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, "मग असं करा, ती माझ्याकडे द्या. माझ्या कपाटात राहू दे."

वाचकाने मागितलेले पुस्तक त्यास देणे हे माझे कर्तव्यच होते. मी देवघेव नोंदवहीत त्यांचे नाव, हुद्दा, पुस्तकाचा दाखल क्रमांक आणि परतीची तारीख लिहून वही त्यांच्यापुढे केली. त्यांनी हसून सही केली. मुदत संपल्यावर शिरस्त्याप्रमाणे मी तगाद्याची चिठ्ठी पाठविली, आणि पुढे ती दरमहा जाऊ लागली. प्रत्येक चिठ्ठीवर ते "पाहिले" असे लिहून, खाली तारीख घालून, शिपायाबरोबर परत पाठवीत. आमच्यात या विषयावर पुन्हा कधी बोलणे झाले नाही, व सणासुदीला एकमेकांच्या घरी जाणेही थांबले नाही.

सेवानिवृत्तीच्या वेळी पदभार सोपविताना त्या चिठ्ठ्या मी वहीला टाचून दिल्या आणि यादीत पुस्तिका "येणे बाकी" अशी दाखविली. मी मागितलेला लेखी हुकूम अखेरपर्यंत आला नाही. परंतु पुस्तक कपाटात का नव्हते हे ज्याला तपासावयाचे असेल, त्याच्यासाठी ते कोणाकडे आणि कोणत्या तारखेपासून होते, याचा दाखला मुख्याध्यापकांच्याच हस्ताक्षरात तेथे आहे.