तांबड्याच्या पलीकडचे तारे

ठाण्यात रस्तोरस्ती सोडियमचे पिवळे दिवे होते, तेव्हा बाळकुमच्या गच्चीवरून अवरक्त फोटो काढणं जिकिरीचं होतं. दिव्यांच्या पिवळ्या उजेडापेक्षा त्यांची 819 नॅनोमीटरजवळची, डोळ्यांना न दिसणारी रेषा जास्त छळायची. मग पांढरे एलईडी आले. डोळ्यांना आकाश आणखी फिकं झालं. पण 750च्या पुढे या दिव्यांतून जवळजवळ काहीच येत नाही. त्यामुळे शहरातून आता तारे बघायचे नाहीत, असं कुणी म्हणालं की मी वाद घालतो.

कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढची अवरक्त अडवणारी काच काढायची. आकाशाच्या एकाच तुकड्याचे दोन फोटो घ्यायचे, एक हिरव्या फिल्टरमधून, दुसरा 850च्या. भिंगाच्या दुर्बिणीत अवरक्ताचा फोकस वेगळ्या जागी पडतो, म्हणून मी आरशाची वापरतो. दोन्ही फोटो संगणकावर आलटूनपालटून पाहिले की बाकीचे तारे होते तसे राहतात आणि एखादा ठिपका अचानक भरतो. तो आपला लाल तारा.

पण नुसतं लाल असून भागत नाही. तारा थंड असेल, त्याच्या वातावरणात कार्बन जास्त असेल, नाहीतर तो साधाच, आकाशगंगेच्या धुळीआडून लाल दिसणारा असेल. इथे वर्णपटच हवा. दुर्बिणीपुढे ग्रेटिंग लावलं की थंड ताऱ्यात टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे 705पासून खाच पाडतात. कार्बन ताऱ्यात 790 नि 810च्या आसपास सायनोजेनचे दिसतात. शश तारकासमूहातला आर लेपोरिस असा कार्बन तारा. खगोलनिरीक्षक हिंडने तो 1845 मध्ये नोंदवला. धुळीआडच्या तप्त ताऱ्याला यातलं काहीच नसतं. 760ची ठसठशीत खाच मात्र प्रत्येक ताऱ्यात दिसते. ती आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनची. 940जवळ पाण्याची वाफ आडवी येते, खाडीकाठी तर फारच. तिथलं मोजमाप मी धरत नाही.

अमेरिकेत क्लीव्हलंडला जेसन नासाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात अवरक्त प्लेटांवर हीच वर्गवारी केली. ते पट्टे आज गच्चीवरून दिसतात, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

अशा थंड ताऱ्यांपैकी तिमिंगलातला मीरा सुमारे 332 दिवसांत तिसऱ्या प्रतीवरून नवव्यापर्यंत उतरून परत येतो. उतरताना तो थंडावतो, टायटॅनियम ऑक्साइड वाढतं आणि दृश्य प्रकाश गिळतं. अवरक्तात हा चढउतार बराच कमी असतो. नुसत्या डोळ्यांना मीरा सापडत नाही त्या महिन्यांतही 850च्या फोटोत तो ठळक असतो. माझा सेन्सर एक मायक्रॉनच्या आसपास थांबतो. कुलाब्याच्या टीआयएफआरने हानलेच्या दोन मीटर दुर्बिणीसाठी बनवलेला टिरस्पेक हा अवरक्त वर्णपटमापक तिथून सुरू होऊन अडीचपर्यंत जातो.