फुंकर

रविवारी पुन्हा पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. पान्हे, गंजलेली कुलुपं, मुके रेडिओ ओलांडत मी शोधत असतो व्हिडिओ गेमच्या कॅसेटी. त्यांना कार्ट्रिज म्हणतात हे फार उशिरा कळलं. आमच्या घरातलं यंत्र निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल होतं, हेही. आम्हाला तेच अस्सल होतं.

या वेळी एक सापडली. पिवळं प्लास्टिक, मारिओचं विटलेलं चित्र, वर '९९९९९९९ इन १'. खरे खेळ मूठभर. तेच पुन्हा पुन्हा, नावं बदलून. हे लहानपणीच उमगलं होतं, तरी मी यादी खाली सरकवत राहायचो. न जाणो, पुढे एखादा नवा निघायचा.

"चालेल का?" मी विचारलं.

"फुंकर मारून बघा की!"

फुंकरीने खरं तर काहीच होत नाही. उलट श्वासातला ओलावा धातूच्या पट्ट्यांना खातो. कॅसेट काढून पुन्हा बसवताना संपर्क जुळतो, एवढंच. पण दादाच्या फुंकरीने खेळ लागायचा, माझ्या नाही, हे आमच्या घरात सिद्ध झालेलं होतं. तो डोळे मिटून फुंकायचा, देवापुढची उदबत्ती विझवावी तसा हलकेच. आईने एकदा दोघांनाही त्यावरून बोलणी घातली होती. उदबत्तीवरून की कॅसेटवरून, आठवत नाही.

घासाघीस न करता शंभर रुपये दिले.

घरी ती लावायला यंत्र नाही. कॅसेट टेबलावर आहे. दादाला फोटो पाठवलाय. दोन निळ्या खुणा दिसताहेत.