पहिला फोन कुणाला?

लंडनमधल्या आमच्या हॅरोमध्ये नव्यानेच राहायला आलेलं नाशिकचं एक जोडपं जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यातून नाव न नोंदवताच परत आलं. खिडकीवर विजेचं बिल मागितलं. घर भाड्याचं, बिल मालकाच्या नावावर. मुलाचा दम्याचा पंप संपत आलेला, तरी दोघं मुकाट्याने माघारी फिरली.

याची मला चीड येते, कारण नियम नेमका उलटा आहे. इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव घालायला पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र, व्हिसा, एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा) नंबर यांतलं काहीही सक्तीचं नाही. विचारू शकतात, पण नाही म्हणून परत पाठवू शकत नाहीत. एनएचएसच्या संकेतस्थळावरचं हा नियम सांगणारं पान मी छापून त्यांच्या हातात दिलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी नाव लागलं. नव्याने आलेल्या प्रत्येकाने ते पान जवळ ठेवावं.

मात्र त्याच खिडकीवर आपली माणसं रिसेप्शनिस्टवर उगाच रागावतात. तिने ‘काय होतंय?’ विचारलं, की ‘डॉक्टरला सांगायचं ते हिला कशाला?’ असं होतं. मला अशा वेळी गावाकडचे कंपाउंडरकाका आठवतात. बाकावर माणसं दाटीवाटीने बसलेली. काका लाल औषधाच्या बाटलीवर खाचांची कागदी पट्टी चिकटवता चिकटवता एकेकाला विचारायचे, ‘ताप कधीपासून? संडास साफ होते का?’ आणि आपण चारचौघांत सांगायचो. फणफणलेलं पोर आधी आत जायचं. नुसती जखमेची पट्टी बदलायची असेल तर काका बाहेरच उरकायचे. डॉक्टरांचा वेळ खऱ्या गरजवंताला मिळायचा तो त्यांच्यामुळे. इथली रिसेप्शनिस्ट हेच करते: डॉक्टर, नर्स, फिजिओ की फार्मासिस्ट, ते ठरवते, आणि त्याचं तिला प्रशिक्षण मिळतं. फरक एवढाच, की काकांना माणूस समोर दिसायचा, हिला बहुतेक वेळा फोनवरचा आवाज तेवढा. म्हणून ‘बरं वाटत नाही’ म्हणून थांबू नये. कधीपासून, किती त्रास, रोजची औषधं कोणती, सगळं सांगावं. बाब नाजूक असेल तर ‘खाजगी आहे’ म्हणायचा हक्क आहेच.

सकाळी आठला फोन लावत बसणं हा छळ आहे, यात वाद नाही. पण ऑक्टोबर 2025 पासून इंग्लंडमधल्या दवाखान्यांनी सोमवार ते शुक्रवार सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा ऑनलाइन विनंती घ्यायलाच हवी. घसादुखी, सायनस, लहान मुलांचा कान, नागीण, बायकांचा लघवीचा साधा संसर्ग यांसाठी कोपऱ्यावरचा फार्मासिस्ट जानेवारी 2024 पासून गरज पडल्यास अँटिबायोटिक किंवा अँटिव्हायरलही देऊ शकतो. कुठे जावं कळत नसेल तर 111 हा नंबर दिवसरात्र चालू असतो. छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, तर मात्र थेट 999.

उन्हाळ्यात भारतातून येणाऱ्या आईबाबांविषयी जरा सविस्तर सांगते. बिलाच्या भीतीने त्यांना कुणी जीपीकडेही नेत नाही. बीपी वाढत जातं आणि मग रात्री धावपळ होते. जीपीची तपासणी पाहुण्यांनाही फुकट आहे. मुक्काम तीन महिन्यांच्या आतला असेल तर तात्पुरती नोंदणी होते. बिल येतं ते रुग्णालयात दाखल केल्यावर किंवा तिथे बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेतल्यावर, तेही एनएचएसच्या दराच्या दीडपट. म्हणून प्रवासविमा हवाच, आणि जुने आजार त्यात लिहिलेले हवेत. आईला इंग्रजी जमत नसेल तर अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषी मागावा. त्याचे पैसे पडत नाहीत. गर्भाशयाच्या तक्रारी मुलाच्या तोंडून डॉक्टरला सांगायची वेळ कुठल्याच आईवर येऊ नये. आणि निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांकडून गोळ्यांची मूळ नावं व डोस लिहून घ्यावेत. ‘टेल्मा 40’ म्हटलं तर इथल्या डॉक्टरला काही कळत नाही, ‘टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅम’ म्हटलं की लगेच कळतं.