भरती हंगामाआधीच होते

आयपीएलचा अंतिम सामना झाला की पुढच्या आठ-दहा दिवसांत माझ्याकडे अर्जांची रीघ लागते. ‘लहानपणापासून क्रिकेटचं वेड आहे, याच क्षेत्रात काही तरी करायचं आहे,’ अशी सुरुवात असते. खाली बी.कॉम. किंवा इंजिनिअरिंगचे गुण आणि शाळेकडून जिल्हा पातळीवर खेळल्याचा उल्लेख. मुलं मनापासून लिहितात, हे वाचताना जाणवतं. पण जूनमध्ये माझ्याकडे त्यांना द्यायला काम नसतं. हंगामापुरती घेतलेली माणसं नुकतीच मोकळी झालेली असतात, त्यांची बिलं निघायची असतात आणि पावसामुळे बहुतेक मैदानं झाकलेली असतात. हेच अर्ज दिवाळीच्या सुमारास आले, तर त्यातल्या निम्म्यांना तरी मी भेटायला बोलावीन.

पुण्या-मुंबईत होणाऱ्या स्पर्धांच्या मैदान-व्यवस्थेचं काम मी करते. आमच्याकडे त्याला व्हेन्यू ऑपरेशन्स म्हणतात. क्रिकेट, कबड्डी, फुटबॉल, टेनिस, रस्त्यावरच्या शर्यती असं जे येईल ते. त्यासाठी माणसं निवडणं हा या कामाचाच भाग आहे. त्या अनुभवावरून सांगते, क्रीडाक्षेत्रात नोकरी शोधायची तर आधी खेळांचं वेळापत्रक समोर घ्यावं आणि त्यावरून उलटं मोजत यावं. बँका, आयटी कंपन्या वर्षभर थोडी थोडी भरती करतात. आमच्याकडे हंगामाच्या दोन-तीन महिने आधी माणसं ठरतात आणि एकदा ठरली की दार बंद होतं.

मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते आहे. ती जानेवारीत धावली जाते, पण पाण्याची टेबलं, वैद्यकीय मदत, स्वयंसेवक, रस्ते बंद ठेवण्याच्या परवानग्या ही कामं गणपतीच्या आधीच सुरू झालेली असतात. आयपीएल मार्चच्या अखेरीस सुरू होते, खेळाडूंचा लिलाव त्याआधी हिवाळ्यात होतो आणि त्याच दिवसांत संघांच्या कचेऱ्या तिकीट, आदरातिथ्य, प्रवास, सोशल मीडिया यांसाठी हंगामी माणसं शोधतात. महिला प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली आणि तिचे पहिल्या वर्षीचे सगळे सामने ब्रेबॉर्न आणि डी. वाय. पाटील या दोनच मैदानांवर झाले. तेव्हा मुंबई-नवी मुंबईत अनुभवी माणूस शोधून मिळेना. त्या टंचाईत शिरलेल्या कितीतरी मुली आज पक्क्या नोकरीत आहेत. महाराष्ट्र प्रीमियर लीग गहुंज्याला पावसाच्या तोंडावर होते. शालेय आणि विद्यापीठीय स्पर्धा पावसाळा सरला की रंगतात. हे सगळं एका कागदावर मांडलं की कुणाला कधी लिहायचं, ते आपोआप कळतं. दिवाळी ते डिसेंबरअखेर हा काळ त्या कागदावर सगळ्यात दाट दिसतो.

आता कुणाला लिहायचं, ते पाहू. अर्ज करणारे बहुतेक जण फ्रँचायझीचं नाव पकडून बसतात. प्रत्यक्षात आयपीएल संघाची बारमाही कचेरी फार लहान असते. हंगामात जी शेकडो माणसं गळ्यात कार्ड अडकवून फिरताना दिसतात, त्यातली बरीचशी दुसऱ्याच कुणाच्या पगारावर असतात. प्रक्षेपण करणारी कंपनी, तिने नेमलेले कॅमेरा आणि ग्राफिक्सवाले, इव्हेंट कंपन्या, तिकीट विकणारे, सुरक्षा आणि खानपानाचे कंत्राटदार, खेळाडूंची व्यवस्था पाहणाऱ्या संस्था, राज्य संघटना. खेळाडूंना ऑलिंपिकसाठी पाठबळ देणाऱ्या ऑलिंपिक गोल्ड क्वेस्टसारख्या संस्था वेगळ्याच. २०२३ मध्ये जिओसिनेमावर आयपीएलचं मराठी समालोचन होतं. केदार जाधव तिथे माईकवर होता आणि त्याच हंगामात बंगळुरूच्या संघाने त्याला मैदानात बोलावून घेतलं. लोकांना एवढी बातमी आठवते. पण त्या मराठी समालोचनामागे आकडे काढणारा, मजकूर लिहिणारा, निर्मिती सांभाळणारा असा अख्खा चमू लागतो. मराठी उत्तम लिहिता येणं ही या धंद्यात किंमत असलेली गोष्ट आहे. ती अर्जात कुणी लिहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

अर्जात खेळाच्या प्रेमाला जागा असावी, पण दोन ओळींपुरतीच. मला तुमचं काम पाहायचं असतं. हिशेब येतो का, व्हिडिओ संकलन येतं का, फिजिओथेरपीची पदवी आहे का, करारनामा वाचता येतो का, शंभर माणसांच्या जेवणाची आणि गाड्यांची व्यवस्था कधी लावली आहे का? गावच्या जत्रेतली कुस्तीची मैदानं भरवणाऱ्या तालमीत दोन वर्षं धावपळ केलेला मुलगा मला महागड्या संस्थेतल्या पदविकाधारकापेक्षा जास्त उपयोगी पडतो. गर्दी कुठून तुंबते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

कबड्डीच्या एका चमूसाठी विश्लेषक हवा होता, तेव्हाची गोष्ट. कोल्हापूरकडचा एक मुलगा आला. पदवी सांख्यिकीतली, क्रीडाक्षेत्रातला अनुभव काहीच नाही. त्याने बरोबर एका सामन्याचा तक्ता आणला होता. टीव्हीवर झालेला सामना पुन्हा पुन्हा थांबवून त्याने प्रत्येक चढाई एका ओळीत मांडली होती: चढाईपटू कोण, कोणत्या बाजूने आत शिरला, समोर किती जण होते, निदानरेषा ओलांडली का, बोनस रेषेकडे गेला का, किती सेकंद आत राहिला, पकड कुणी आणि कशी केली. चढाई तीस सेकंदांची आणि सामना चाळीस मिनिटांचा, तेव्हा ओळी भरपूर होत्या. बोनस समोर सहा किंवा सात बचावपटू असतानाच मिळतो, म्हणून त्याने त्या ओळी निराळ्या रंगात ठेवल्या होत्या. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण आणावाच लागतो, नाही तर चढाईपटू बाद. त्या ‘करो या मरो’ चढायांचा वेगळा रकाना होता. समोर तीन किंवा कमी गडी असताना झालेल्या पकडीला एक गुण जास्त मिळतो, त्याचाही वेगळा.

मी विचारलं, ‘यातून काय दिसलं?’ तो म्हणाला, ‘उजवा कोपरारक्षक करो या मरो चढाईत घाई करतो. एरवी तो चढाईपटू वळेपर्यंत थांबतो. पण या चढायांत पहिल्या दहा सेकंदांतच घोट्याला हात घालायला जातो आणि सुटतो.’ प्रशिक्षक शेजारीच बसले होते. त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि त्या चढाया एकेक करून पाहिल्या. निवड तिथेच झाली. हा तक्ता करायला त्याला पैसे लागले नव्हते, ओळख लागली नव्हती, परवानगी लागली नव्हती. लागला होता तो वेळ, आणि गावच्या मैदानावर कबड्डी पाहून तयार झालेली नजर.

म्हणूनच मराठी मुलांना मी क्रिकेटखेरीज इतर खेळांकडे बघायला सांगते. क्रिकेटच्या दाराशी देशभरातली रांग आहे. कबड्डी आणि खो-खो मात्र आपल्या अंगणातले खेळ आहेत. प्रो कबड्डीचा पहिला सामना २०१४ च्या जुलैत वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल इनडोअर स्टेडियममध्ये झाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही विजेतेपदं भारताने मिळवली आणि प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. पण खो-खोमध्ये बचावपटू किती वेळ टिकला, कोणत्या खुंटाजवळ बाद झाला, याची शिस्तीने नोंद ठेवणारी माणसं अजून बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. ज्याने शाळेत खो-खो खेळला आहे आणि ज्याला एक्सेल येतं, त्याने या हिवाळ्यात पाच सामन्यांच्या अशा नोंदी कराव्यात.

मैदान-व्यवस्थेत यायचं असेल तर आमचा कागद कसा असतो, ते समजून घ्या. साडेसातचा टी-ट्वेंटी सामना म्हटल्यावर प्रेक्षकाला सात वाजताची नाणेफेक माहीत असते. आमच्या काउंटडाउन शीटवर त्याच दिवसाची पहिली ओळ सकाळची असते. प्रक्षेपणाच्या केबल तपासणं, ध्वनियंत्रणा, जाहिरातींचे फलक, मग बॉम्बशोधक पथकाची फेरी. ती चालू असताना मैदान रिकामं करावं लागतं आणि नंतर प्रत्येकाला पुन्हा तपासून आत घ्यावं लागतं. तेवढ्यात खानपानवाल्यांची गाडी दारात अडकली तर पुढचं सगळं ढकललं जातं. खेळाडू आणि सामनाधिकारी यांच्या भागात फोन किंवा स्मार्टवॉच नेता येत नाही, तो भ्रष्टाचारविरोधी नियम आहे. तिथल्या दारावर उभी असलेली एकवीस वर्षांची मुलगी तो नियम कुणासाठीही वाकवणार नाही, अशीच असावी लागते. या मुलीची पूर्वतयारी कुठे होते? महाविद्यालयाच्या संमेलनात, मॅरेथॉनच्या पाण्याच्या टेबलावर, जिल्हा संघटनेच्या कुमार गटाच्या स्पर्धेत. स्वयंसेवक म्हणून एक-दोन स्पर्धा जरूर कराव्यात. तिसऱ्या स्पर्धेपासून मात्र मानधन मागावं. वर्षानुवर्षं ‘अनुभव मिळेल’ एवढ्यावर मुलांना राबवून घेणारे आयोजक आहेत. ती पद्धत मला मान्य नाही.

शिक्षणाबद्दल विचारणा फार होते, म्हणून थोडक्यात सांगते. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं असेल तर बी.पी.एड. लागतंच. अमरावतीचं १९१४ सालचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ असो की पुण्याचं चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय, ही वाट जुनी आणि खात्रीची आहे. प्रशिक्षकासाठी पतियाळाच्या एनआयएसची पदविका, फुटबॉलमध्ये महासंघाचे टप्प्याटप्प्याचे परवाने. गुणलेखक आणि पंच यांच्या परीक्षा संघटना घेतात. या परीक्षांना खर्च किरकोळ येतो आणि हातात थेट काम मिळतं, तरी तिकडे मुलं फारशी वळत नाहीत. क्रीडा व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांचं शुल्क मोठं असतं. प्रवेशाआधी मागच्या दोन तुकड्यांतले विद्यार्थी आज कुठे आहेत, ते विचारा आणि त्यातल्या दोघांशी स्वतः फोनवर बोला. संस्था नावं द्यायला टाळाटाळ करत असेल, तर पैसे भरू नका. स्वतः खेळाडू असाल तर राज्य शासनाच्या नोकऱ्यांतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण विसरू नका आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा उपसंचालक कार्यालयातून वेळेत करून घ्या. पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकणारा आपला स्वप्निल कुसाळे तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. नोकरीच्या आधाराने खेळ टिकतो, याचं याहून जवळचं उदाहरण नको.

पालक विचारतात, यात स्थैर्य आहे का? खरं उत्तर असं की पक्कं काहीच नसतं. पुण्याचा एफसी पुणे सिटी हा आयएसएलमधला संघ २०१९ मध्ये बंद पडला आणि जागा हैदराबादकडे गेली. जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा हंगामच थांबवल्याचं आयोजकांनी कळवलं. महासंघाशी असलेल्या व्यावसायिक कराराची मुदत संपत आली होती आणि नवा करार ठरला नव्हता. क्लबांतल्या माझ्या ओळखीच्या मुलांचे ते महिने फार वाईट गेले. पुढच्याच महिन्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा झाला, ड्रीम ११ भारतीय संघाच्या जर्सीवरून गेलं आणि त्या जाहिरातींच्या पैशावर चालणारी कितीतरी छोटी कामं आटली. यात काम करणाऱ्यांचा काही दोष नव्हता.

म्हणून दोन गोष्टी मी आग्रहाने सांगते. हातात असं कौशल्य ठेवा जे खेळाबाहेरही विकलं जाईल. फिजिओ दवाखान्यात बसू शकतो, संकलक मालिकेत काम करू शकतो, लेखापालाला कुठेही नोकरी मिळते. आणि निदान चार महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय पक्की नोकरी सोडून हंगामी कामात उडी घेऊ नका. पैसे हंगाम संपल्यावर दीड-दोन महिन्यांनी येणं हे आमच्याकडे नेहमीचं आहे. माझे स्वतःचे एका स्पर्धेचे पैसे वर्षभर अडकले होते. तेव्हापासून लेखी पत्र हातात आल्याशिवाय मी काम सुरू करत नाही आणि कुणाला करू देत नाही.

त्या पत्रात रक्कम आणि ती कोणत्या तारखेला मिळणार हे तर हवंच. शिवाय मुक्काम कुठे, खोलीत किती जण, जेवण कुणाकडे, अपघात विमा आहे का, सामना पावसाने रद्द झाला तर त्या दिवसाचे पैसे मिळणार का, हेही हवं. मुलींनी आणखी एक ओळ मागावी. रात्रीचा सामना साडेअकराच्या पुढे संपतो, सामान मोजून, कुलपं लावून निघेपर्यंत दोन वाजतात. त्या वेळी घरापर्यंत गाडी कोण देणार, हे नावानिशी लिहिलेलं असावं. ज्या आयोजकाने ही ओळ लिहून दिली नाही, त्याच्याकडे मी माझ्या चमूतली एकही मुलगी पाठवलेली नाही.