बंदीच्या दिवसांतली ऑपरेशनं

अलिबाग,
१८ मे

चि. सोनूस,


पत्र मिळालं. हाताच्या शस्त्रक्रियेची तुझी फेलोशिप संपत आली, आता पुण्यातच एखादं मोठं हॉस्पिटल धरायचं की इकडे यायचं, हे तू विचारतेस. तुझ्या आईने फोनवर मला आधीच बजावलंय, पोरीला भरीला घालू नकोस म्हणून. नाही घालत. इथे कोण येतं आणि काम कसं चालतं एवढं लिहितो, पुढचं तू ठरव.

पहिली गोष्ट म्हणजे ऑपरेशनची तारीख इथे आपण देत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी वर घेतल्या, शाकारल्या की थळ, वरसोली, साखर, कोर्लई, पार एकदरा-राजपुरीपासून खलाशी येऊन बसतात. रात्री मुंग्या येतात म्हणून हात झटकत वर्ष काढलेले, सकाळी बोट मुडपलं की दुसऱ्या हाताने उघडावं लागणारे. पेणचं नेमकं उलटं. पेण, हमरापूर, जोहे या भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत जून-जुलैला मान वर करायला फुरसत नसते. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर तर्जनी बधिर झालीय म्हणून येतो, पण ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणतो, गणपती जाऊ द्या. त्याला मनगटात एक इंजेक्शन द्यावं, रात्री बांधायला पट्टा द्यावा. त्यावर बहुधा दोन-तीन महिने निघतात आणि त्याला तेवढेच हवे असतात. मात्र अंगठ्याखालचा गादीसारखा भाग बसलेला दिसला तर हे लाड करू नयेत, नस तोवर वाट पाहत नाही. कातकरी मंडळी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. त्यांच्या मोडलेल्या मनगटात तारा घातल्या तर पाच-सहा आठवड्यांनी त्या कुठे आणि कोण काढणार, हे तारा घालण्याआधीच ठरवावं लागतं.

आता हिशेब बघ. मनगटातली कार्पल टनेल जागा बधिर करून मोकळी करायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, दोन आठवड्यांत टाके निघतात आणि जाळं ओढण्याइतकी पकड सहा-आठ आठवड्यांत येते. एकसष्ट दिवसांत हे नीट बसतं. अडकणाऱ्या बोटाला तर याहून कमी दिवस लागतात. पण खांद्यातला रोटेटर कफ शिवला की सहा आठवडे हात झोळीत, तीन महिन्यांनी कुठे ताकदीचे व्यायाम, आणि ओला दोर ओढायला सहा महिने. दोन महिन्यांच्या बंदीत हे बसवायचं कसं? पंचावन्न-साठीच्या तांडेलाचा कफ झिजून हळूहळू फाटलेला असेल, तर मी शक्यतो शिवत नाही. व्यायाम देतो, आणि घरच्यांना बोलावून सांगतो की दोराला मुलगा लागेल, हे सुकाणूला. निम्म्यांना हे पटत नाही. मात्र परवापर्यंत हात डोक्यावर जात होता आणि बोटीत घसरून पडल्यापासून जात नाही, असा चाळिशीचा गडी आला तर थांबायचं नाही. मग हंगाम बुडाला तरी बुडू दे, हे स्पष्ट बोलायचं. बोलणं कठीण जातं, कारण कर्जाचे हप्ते कोणाचेच थांबत नाहीत.

सगळ्यात जास्त येतात त्या आखडलेल्या खांद्याच्या बायका. पन्नाशीच्या आसपासच्या, मासळी विकणाऱ्या. खांदा दुखतो असं त्या सुरुवातीला म्हणतच नाहीत. सून सोबत असते आणि तीच सांगते, "सासूबायना कास्टा खोचता येत नाय, मी खोचून देते." हात मागे कमरेपर्यंत पोचत नाही, म्हणजे निदान अर्धं झालं. उरलेलं अर्धं तू करायचंस: कोपर अंगाला टेकवून हात बाहेरच्या बाजूला वळव. तिचा तिला वळवता येत नाही, तसा तुलाही वळवता आला नाही आणि एक्स-रे स्वच्छ असला, तर तो आखडलेला खांदा. कफ फाटलेल्याचा हात त्याला स्वतःला उचलता येत नसला तरी तू उचललास की वर जातो. पुढचा प्रश्न साखरेचा. कित्येकींचा मधुमेह पहिल्यांदा खांद्यामुळेच कळतो. सांध्यात स्टेरॉइड द्यायचं तर पुढचे काही दिवस साखर चढेल हे सांगून ठेव. आणि हे दुखणं वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त टिकतं, पण बहुतेकींचा हात पुष्कळसा सुटतो, हेही सांग. नाहीतर तेल चोळणाऱ्याकडे हिसके घेऊन दुप्पट दुखणं घेऊन येतात.

हाताच्या मुंग्यांना इथे सर्रास 'मानेची नस' म्हणतात. मानेला पट्टा लावून गावभर फिरणारी माणसं तुला दिसतील. नेमकी कुठली बोटं, हे त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. अंगठ्यापासून साडेतीन बोटं असतील तर मनगट बघ. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाचा अर्धा भाग असेल तर कोपरामागची नस चाचपून बघ. ती जाड लागली तर कातडीवर कुष्ठरोगाचा बधिर चट्टा शोध. हा रोग संपला असं शहरात बसून वाटतं. डॉ. नोशिर अंतियांचं नाव तू प्लास्टिक सर्जरीच्या संदर्भात ऐकलं असशील. जे.जे.त कुष्ठरुग्णांचे वाकडे झालेले हात दुरुस्त करण्यात त्यांनी उमेदीची वर्षं घातली. तो माणूस १९७०च्या दशकात आपल्या मांडव्याला आला आणि जेमतेम शिकलेल्या गावच्या बायकांना आरोग्याचं काम शिकवत बसला.  एवढा मोठा सर्जन असं का करतो, हे मला विद्यार्थिदशेत कळलं नव्हतं. आता गावची आशा कार्यकर्ती "डॉक्टर, हिला चटका बसला तरी कळत नाय" म्हणून एखादीला हाताला धरून आणते, तेव्हा कळतं. हात वाकडा होण्याआधी तो रोज बघणारं माणूस गावातच असतं.

पुण्यात न दिसणारी एक गोष्ट इथे शिकशील, ती म्हणजे माशाचा काटा. शिंगाळ्याचा काटा विषारी. ताजा टोचला असेल तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की कळ उतरते, कारण ते विष उष्णतेने निकामी होतं. लोक मात्र तंबाखू दाबतात आणि तिसऱ्या दिवशी येतात. बोट पूर्ण सुजलेलं, अर्धवट वाकलेलं, तळव्याच्या बाजूने सबंध दुखणारं, सरळ करू गेलं की ओरडतात. कानावेलची ही चार लक्षणं परीक्षेत तू पाठ म्हटली असशील. इथे ती दिसली तर त्याच दिवशी उघडायचं, रविवार असो की होळी. पांढऱ्या कांद्याच्या माळा वळणाऱ्या आणि नुकत्या बाळंत झालेल्या बायकांचे अंगठे दुखतात, त्यांचं तुला सांगायला नको. हाडवैद्याशी भांडू नकोस. मोडलेल्या हाताला कामट्या बांधल्यावर बोटं सरळ करताना कळ आली तर रात्रीसुद्धा सोडायच्या आणि पेशंट इकडे पाठवायचा, एवढं त्याला पटवलंस तरी एखाद्या पोराचा हात वाचेल.

पैशाचं तुझ्या आईने विचारलंय. पुण्याइतके नाहीत. बंदीत ऑपरेशन केलेल्यांचे बरेचसे पैसे नारळी पौर्णिमेनंतर, बोटी लागल्या की येतात, कधी पापलेटाच्या रूपाने. खाऱ्या हवेने हत्यारं गंजतात, चांगल्या स्टीलचीसुद्धा, तेव्हा सेट घेताना स्वस्तावर जाऊ नकोस. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ येऊन गेलं, नंतर कित्येक दिवस वीज नव्हती, आणि छपरावर चढलेली माणसं पत्र्याने कापलेले हात घेऊन येत राहिली. जनरेटर आणि पाण्याची टाकी आधी, एसी नंतर. जागा बघायचीच तर स्टँडजवळ, तळमजल्यावर बघ.

येणार असलीस तर जूनच्या पहिल्या आठवड्यात ये. सकाळी ओपीडीत माझ्या शेजारी बस. येताना मनगटाचे पट्टे आण, मधल्या मापाचे इथले संपलेत.

तुझा,
मामा