बुद्ध्यंकाचं गाइड मिळत नाही

"मॅडम, थोडा पोर्शन सांगून ठेवा ना, तेवढी तयारी करून घेतो." चाचणीची वेळ ठरली की फोनवर हे हमखास ऐकायला मिळतं. विचारणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी हा आख्खा विषयच असतो. त्याची गाइडं निघतात, क्लास चालतात, सरावसंच विकले जातात. मग मानसतज्ज्ञाकडची चाचणीही घोटून घेता येते असं आईबाबांना वाटणारच.

घोटली तर गुण वाढतात, पण त्या गुणांना अर्थ उरत नाही. बुद्ध्यंक ही तुलना असते: तुमच्या मुलाचं काम आणि त्याच वयाच्या पुष्कळ मुलांचं काम. ती मुलं कुठलीही तयारी न करता बसलेली असतात. आजच्या बहुतेक चाचण्यांत त्यांची सरासरी १०० धरतात आणि साधारण दोन-तृतीयांश मुलं ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. तुमचं मूल उत्तरं पाठ करून आलं की तुलनाच खोटी ठरते. आकडा गोंडस दिसतो, पण वाचताना अक्षरं का उलटसुलट होतात, हा मूळ प्रश्न तिथंच राहतो.

याच्या उलटही घडतं. दहावीला अध्ययन अक्षमतेची सवलत मिळावी म्हणून 'जरा चुका कर' असं शिकवून आणलेली मुलंही येतात. ते लपत नाही. खरोखर अडखळणारं मूल सोपं सोडवतं आणि अवघडाला थांबतं. शिकवलेलं मूल सोप्यावर चुकतं आणि पुढचं अवघड सहज करून जातं. शिवाय अध्ययन अक्षमता म्हणजे कमी बुद्धी नव्हे. बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित त्या मानानं मागे राहतं, म्हणून तर तिला वेगळं नाव आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश झाला आहे. तेव्हा बुद्ध्यंक पाडून घेण्यात मुलाचंच नुकसान.

पॅरिसमध्ये १९०५ साली बिने आणि सिमाँ यांनी बुद्धीची पहिली मोजपट्टी केली, ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत देण्यासाठी. तिचं आपल्या मुलांसाठीचं रूप व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नडमध्ये सिद्ध केलं. 'बिने-कामत' हे नाव तुमच्या अहवालावर आजही दिसेल. मानसतज्ज्ञ वेक्सलर यांच्या चाचणीचं भारतीय रूप नागपूरच्या मालिन यांचं. दोन्ही कामं मोठी, पण आता जुनी झाली आहेत. तेव्हाच्या मुलांशी तुलना केली की आजची मुलं जरा वरचढ दिसतात. म्हणून नुसता आकडा विचारू नका, तो कोणत्या चाचणीवरचा आहे तेही विचारा.

आत नेमकं काय होतं? प्रश्न मी इथं सांगणार नाही, नाहीतर माझंच गाइड निघायचं. पण एक काम बहुतेकांना ठाऊक असतं: चित्रातली नक्षी रंगीत ठोकळ्यांनी जुळवायची, माझ्या हातात स्टॉपवॉच. एखादी मुलगी आधी चित्राकडे बघत बसते आणि मग धडाधड ठोकळे मांडते. दुसरी मांडते, मोडते, पुन्हा मांडते. तिसरा प्रत्येक ठोकळ्यागणिक माझ्या चेहऱ्याकडे बघतो, बरोबर आहे का म्हणून. तिघांचे गुण सारखे येतील, पण माझ्या वहीत तीन वेगळ्या नोंदी होतात आणि शाळेत काय करायचं ते बऱ्याचदा त्या नोंदींवरून ठरतं.

बरोबर की चूक, हे मी मुलाला सांगत नाही. प्रश्न अवघड होत जातात आणि सलग चुका होऊ लागल्या की तो भाग थांबतो. म्हणजे कितीही हुशार मूल असलं तरी त्याला न येणारे प्रश्न लागणारच. हे त्याला घरी आधी सांगून ठेवा. 'मॅडम तू हुशार आहेस का ते बघणार आहेत' एवढं मात्र सांगू नका. ते वाक्य डोक्यात घेऊन आलेलं मूल पहिल्या चुकीलाच गप्प होतं.

बाकी तयारी साधी. रात्रीची झोप, पोटभर नाश्ता, चष्मा. डोळे आणि कान आधी तपासून घ्या. चालू असलेली औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. ताप-सर्दी असेल तर सरळ पुढची तारीख मागा. प्रगतिपुस्तकं आणा आणि वह्या आणा, पण फेअर नकोत, लाल शेऱ्यांनी भरलेल्या हव्यात. घरात मालवणी किंवा अहिराणी आणि शाळेत इंग्रजी असेल तर तेही आधी सांगा. चाचणी कोणत्या भाषेत घ्यायची ते त्यावर ठरतं, आणि भाषा चुकली तर निकालही चुकतो.

आणि आधी कुठं चाचणी झाली असेल तर तो कागद घरी ठेवून येऊ नका. 'यांचं वेगळं मत बघू' म्हणून काहीजण ठेवतात. तीच चाचणी थोड्या महिन्यांत पुन्हा घेतली की आठवणीनंच गुण चढतात. बोर्डाच्या सवलतीसाठी प्रमाणपत्र शासनानं ठरवलेल्या रुग्णालयातून घ्यावं लागतं, त्यामुळे तिथं पुन्हा चाचणी होण्याची शक्यता असतेच. आधीचा कागद समोर असला की मला दुसरी चाचणी निवडता येते.