नमुना कुठून घेतला

२४ ऑगस्ट २०२३ रोजी जपानने फुकुशिमाच्या अणुकेंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी पॅसिफिक महासागरात सोडायला सुरुवात केली. चीनने त्याच दिवशी जपानची मासळी बंद केली. इकडे कोपरगावात आमच्या सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी मला गाठलं. माझी सगळी नोकरी डिस्टिलरीच्या सांडपाण्यावर गेली, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. हे बरोबर आहे का?

मी लगेच उत्तर दिलं. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर वितळलेलं इंधन थंड ठेवायला पाणी ओतत राहावं लागलं, जमिनीतलंही त्यात मिसळलं. हजारांवर टाक्या भरल्या, तेरा लाख टनांच्या वर साठा झाला. शुद्धीकरण यंत्रणा बासष्ट प्रकारची किरणोत्सारी द्रव्यं काढते. ट्रिटियम निघत नाही, कारण तो पाण्याच्या रेणूचाच भाग होऊन बसतो. म्हणून समुद्राचं पाणी मिसळून लिटरला १,५०० बेकरेलच्या खाली आणायचं आणि किनाऱ्यापासून एक किलोमीटर आत, बोगद्यातून सोडायचं. जपानची स्वतःची मर्यादा ६०,००० ची आहे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना १०,००० सांगते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने जुलैमध्येच योजना मानकांना धरून असल्याचं सांगितलं होतं. एवढं सगळं सांगून मी म्हणालो, "लोक उगाच घाबरतात."

यातला एकही आकडा मला मागे घ्यावासा वाटत नाही. शेवटचं वाक्य मात्र मी बोलायला नको होतं, आणि ते किती चुकीचं आहे हे इतर कुणाहीपेक्षा मला आधी कळायला हवं होतं.

त्याच आठवड्यात या प्रकरणाचं मागचं वाचत बसलो. २०१५ साली फुकुशिमाच्या मच्छीमारांच्या संघटनेला सरकारने आणि वीज कंपनीने लेखी कळवलं होतं, की संबंधितांची समजूत पटल्याशिवाय पाण्याची कसलीही विल्हेवाट लावणार नाही. २०१८ साली उघड झालं की टाक्यांतल्या बहुतांश पाण्यात ट्रिटियमशिवाय इतर द्रव्यंही मर्यादेच्या वर होती. तोवर लोकांची समजूत अशी, की फक्त ट्रिटियमच राहिला आहे. ते पाणी सोडण्याआधी पुन्हा शुद्ध करायचं ठरलं, पण मच्छीमारांना कळायचं ते कळून गेलं होतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये समुद्रात सोडण्याचा निर्णय झाला तेव्हा संघटनेचा विरोध कायम होता. हे वाचताना मला माझीच ग्रामसभा आठवली, कारण तसलंच वचन मीही दिलं होतं.

हे नव्वदच्या दशकातलं. नगर-नाशिक पट्ट्यातल्या एका डिस्टिलरीत मी सांडपाणी प्रक्रियेचा प्रमुख होतो. कारखान्याचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, कारण सांगायचं आहे ते माझ्याबद्दल आहे. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की त्या काळी दहा-बारा लिटर स्पेंट वॉश पडायचा. काळपट तपकिरी, आंबूस, गरम. कच्च्या स्पेंट वॉशचा बीओडी, म्हणजे कुजणाऱ्या घाणीचं मोजमाप, लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅम असतो आणि नदी-नाल्यात सोडायची मर्यादा तीसची. बायोगॅसच्या डायजेस्टरमध्ये त्यातला बराचसा भार उतरतो, बॉयलरला गॅसही मिळतो. तरी हजारो मिलिग्रॅम उरतात आणि रंग तर जवळपास तसाच राहतो. पुढे हवा घालायच्या टाक्या, त्यानंतर लगून. आमची लगून म्हणजे मुरुमात खणलेली तळी. तळाला अस्तर नव्हतं.

खालच्या अंगाच्या विहिरींचं पाणी चहाच्या रंगाचं होऊ लागलं तेव्हा गावाने ग्रामसभा बोलावली. कारखान्याच्या वतीने मी गेलो, हातात वर्षभराचे अहवाल घेऊन. आऊटलेटचा बीओडी प्रत्येक महिन्यात मर्यादेत होता. मी तो वाचून दाखवला. खोटा आकडा त्यात एकही नव्हता. पण दोन गोष्टी मी सांगितल्या नाहीत. आऊटलेटच्या आधी कूलिंगचं पाणी येऊन मिसळत होतं आणि नमुना त्या मिसळलेल्या पाण्याचा होता, ही पहिली. दुसरी त्याहून मोठी. विहिरींकडे जे पाणी जात होतं ते आऊटलेटमधून जातच नव्हतं, ते लगूनच्या तळातून पाझरत होतं. लगूनचा नमुना आम्ही पाठवत नव्हतो आणि विहिरीचा कधी घेतलाच नव्हता. कुणी मागितला नव्हता, म्हणून.

सभेत एक वयस्क शेतकरी होते, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. त्यांनी आपल्या विहिरीचं पाणी तांब्यातून आणलं होतं. ते एवढंच म्हणाले, "भाऊसाहेब, हे कशानं झालं ते सांगा."

मी तांब्या घेतला आणि दोन घोट प्यालो. लोक गप्प झाले. मला वाटलं, जिंकलो.

त्या दोन घोटांइतकी मोठी चूक मी नोकरीत दुसरी केली नाही. तात्यांनी पाणी पिऊन दाखवायला सांगितलं नव्हतं, कारण विचारलं होतं. ते पाणी रोज त्यांच्या घरातली माणसं पीत होती, गोठ्यातली जनावरं पीत होती, कांद्याच्या रोपाला तेच जात होतं. एका धडधाकट माणसाने एकदा दोन घोट घेतल्याने यातलं काहीच कळत नाही, हे रसायनशास्त्राचा पदवीधर म्हणून मला माहीत होतं. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या एका सरकारी प्रतिनिधीने फुकुशिमातलं शुद्ध केलेलं पाणी पत्रकारांसमोर पेलाभर प्यायल्याचं मी नंतर वाचलं. निदान त्या माणसाने तिथेच कबूल केलं होतं, की पिण्याने सुरक्षितता सिद्ध होत नाही, आकडे जाहीर करणं हाच मार्ग आहे. मी असं काही म्हणालो नाही. मी म्हणालो, "तुम्हाला विचारल्याशिवाय नाल्यात थेंबही सोडणार नाही." ते सभेच्या वहीत लिहिलं गेलं.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला. लगून काठोकाठ आली. बांध फुटला असता तर सगळाच्या सगळा साठा एका वेळी शेतांत गेला असता. म्हणून व्हॉल्व्ह उघडायला मीच सांगितलं. तो निर्णय आजही मला चुकीचा वाटत नाही. नाल्याला पूर होता, रात्रीत पाणी वाहून जाईल असा हिशेब होता. पण गावात माणूस पाठवून एक निरोप देता आला असता. जनावरं नाल्यावर नेऊ नका, मोटारी सुरू करू नका, एवढाच. मी तो दिला नाही, कारण निरोप दिला असता तर वचन मोडल्याचं कबूल केल्यासारखं झालं असतं. पाऊस पहाटे थांबला, पूर ओसरला आणि सोडलेलं पाणी खालच्या केटी वेअरमध्ये तुंबलं. बीओडी म्हणजे पाण्यातला प्राणवायू खाणारी भूक. दोन दिवसांत बंधाऱ्यातले मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले. गावात भोई समाजाची काही घरं त्याच मासळीवर जगत होती.

मी सांगितलं, ते प्रक्रिया केलेलं पाणी होतं. खरंही होतं ते. लोकांनी ऐकून घेतलं आणि निघून गेले. भांडायला कुणी थांबलं नाही, आणि मला ते माझं म्हणणं पटल्याचं लक्षण वाटलं.

तात्यांच्या विहिरीचा नमुना अखेर घेतला तो त्यानंतर. बीओडी फारसा नव्हता, जमिनीतून झिरपताना तो उतरतो. विरघळलेले क्षार मात्र भरपूर होते आणि रंगही होता. स्पेंट वॉशचा तो रंग सहजी न कुजणाऱ्या द्रव्यांचा असतो, बीओडीच्या चाचणीत तो दिसतच नाही. म्हणजे मी वर्षानुवर्षं जो आकडा लोकांना दाखवत होतो, तो त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हताच. त्यांचं कांद्याचं रोप लागोपाठ बसलं, घरच्यांना पिण्याचं पाणी डोक्यावरून आणावं लागलं. कारखान्याने भरपाई दिली. तात्यांनी ती घेतली आणि माझ्याशी बोलणं थांबवलं.

नंतर बरंच बदललं. २००३ च्या मार्चमध्ये केंद्राने उद्योगांसाठी सनद काढली, डिस्टिलऱ्यांना स्पेंट वॉश बाहेर न सोडण्यासाठी २००५ च्या डिसेंबरची मुदत मिळाली. प्रेसमडमध्ये मिसळून खत, बाष्पीभवन करून बॉयलरमध्ये जाळणं, लगूनला अस्तर, हे सगळं आलं. त्या सनदेत मधल्या काळापुरती एक सवलत होती: पावसाळ्यात नियंत्रितपणे सोडा, पण नदीचं पाणी डोळ्यांना रंगीत दिसेल इतकं सोडू नका. हे वाचून मला पहिल्यांदा जाणवलं, की तात्यांचे डोळे हेही एक मोजमाप होतं आणि कायदा करणाऱ्यांनी ते मानलं होतं. मी मानलं नव्हतं.

तरीही खोड लगेच गेली नाही. २०११ साली जैतापूरच्या अणुप्रकल्पाला साखरीनाट्याच्या मच्छीमारांचा विरोध पेटला होता. प्रकल्पातून समुद्रात जाणाऱ्या गरम पाण्याने मासळी हटेल, ही त्यांची भीती होती. १८ एप्रिलला तिथे गोळीबारात एक जण गेला. तेव्हाही मी घरात म्हणालो होतो, यांना कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं. आपण त्यांना काय विचारायला हवं, हे मनात आलं नाही. कुठल्या महिन्यात कुठली मासळी किनाऱ्याशी येते, जाळी किती खोलीवर लागतात, हे त्यांना ठाऊक असतं. मोजायचं कुठे आणि केव्हा, हे त्यावरून ठरायला हवं.

आता मी कोपरगावात राहतो, म्हणजे खालच्या अंगाला. गोदावरी नाशिकचं सांडपाणी घेऊन नांदूर मधमेश्वरला येते. तिथल्या पाणथळीला रामसरचा दर्जा मिळाल्याचं २०२० साली जाहीर झालं, राज्यात पहिलाच. पाणवेलींनी तिथला फुगवटा भरून जातो, आणि तिथूनच निघालेल्या कालव्याचं पाणी साठवण तलावात घेऊन आमचं शहर पितं. वरच्या शहरात पाणी शुद्ध करूनच सोडतात, मर्यादेत आहे, असं कुणी सांगितलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, नमुना कुठला? कधी घेतला? आवर्तनाच्या आधी की नंतर? हे विचारणारा मी अडाणी नसतो. घाबरलेला असेन कदाचित, पण उगाच नाही.

तात्या गेले. सेवानिवृत्तीनंतर मी त्यांच्या विहिरीचं पाणी पुन्हा तपासून घेतलं. डिस्टिलरीने ती लगून बुजवून बराच काळ झाला होता. क्षार खूप उतरले होते, रंग गेला होता. अहवाल घेऊन मी त्यांच्या मुलाकडे गेलो. त्याने तो पूर्ण वाचला, घडी घातली आणि विचारलं, "बाटली कुणी भरली?"

"मीच," मी म्हणालो.

"मग राहू द्या, भाऊसाहेब."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मी त्याला जिल्ह्याच्या प्रयोगशाळेचा पत्ता दिला. बाटली कशी धुवायची, पंप किती वेळ चालवून मग भरायची, किती वेळात पोहोचवायची, ते कागदावर लिहून दिलं आणि निघालो. नमुना त्याने पुढे स्वतः दिला. अहवाल त्याच्या नावावर आला आणि माझ्या अहवालाशी जुळला. पिण्याला त्याने विहीर अजून सुरू केलेली नाही. शेताला वापरतो. पिण्याचं, म्हणतो, आणखी दोन उन्हाळ्यांचे नमुने बघून ठरवू. मला त्यात काही चुकीचं दिसत नाही.